आईच्या खोलीतला गार वारा

परदेशी राहणारे आपले लोक बर्फाचे फोटो पाठवतात. त्यांत पांढरी झाडं असतात, लाल टोपी घातलेलं एखादं मूल असतं आणि सगळे हसत असतात. फोटो काढून झाल्यावर ही माणसं घरात येऊन काय करतात, खिडक्यांच्या फटींत काय कोंबतात, दिवसभर कुणाचं डोकं दुखतं, हे फोटोत येत नाही. मागच्या हिवाळ्यात मी इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स या गावी महिनाभर राहून आले. नागपुरात परतल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "बर्फ पाहिला का?" पाहिला. पण मला सांगायचं आहे ते घरातलं.

मी फिरायला गेले नव्हते. आईला परत आणायला गेले होते.

माझा दादा, मंदार, सॉफ्टवेअरवाला. कंपनीनं त्याला मिल्टन कीन्सला धाडलं तेव्हा शर्वरीवहिनी आणि दीड वर्षाची ओवीही गेली. वहिनीला तिकडे नोकरी लागली तसं दादानं आईला बोलावून घेतलं. बाबा गेल्यापासून आई नागपूरच्या घरात नुसती बसून असायची. ओवीकडे गेली आणि फोनवरचा तिचा आवाजच बदलला. मग हिवाळा आला आणि तो आवाज पुन्हा खाली गेला. डोकं दुखतं, मळमळतं, उठलं की भोवळ येते. तिथल्या डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, सर्दीचं काहीतरी म्हणाला आणि गोळ्या दिल्या. दादाचा फोन आला, "मुक्ता, आईला इथली थंडी मानवत नाही. एकटीनं प्रवास करण्यासारखी तिची अवस्था नाही. तू ये आणि घेऊन जा."

आई गेली की ओवीला सांभाळायला वहिनी नोकरी सोडणार, हेही ठरलेलं होतं. आईला मात्र यायचं नव्हतं. "मी इथं बरी आहे," ती फोनवर म्हणाली आणि पुढच्याच वाक्याला धाप लागून थांबली.

गोल चक्करांचं गाव

विमानतळावरून दादाच्या गाडीनं निघालो. मिल्टन कीन्स हे गाव कुणीतरी पट्टी घेऊन कागदावर आखलंय. सरळ रस्ता, गोल चक्कर, सरळ रस्ता, गोल चक्कर. रस्त्यांना आकडे. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या लाल रंगाच्या वाटा, त्या मोटारींच्या रस्त्याखालून जातात. माणसाला मोटारीपासून वाचवणारी ही वाट मला फार आवडली. आपल्याकडे यासाठी मोर्चे काढावे लागतील. मी तसं म्हणाले तर दादा हसला, "उतरल्या उतरल्या मोर्चा? बॅग तरी ठेव आधी."

त्याचं बरोबर आहे. बाबांचा नागपूरच्या महाल भागात छोटा छापखाना होता. कामगारांची, जातीविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं तिथं छापली जात आणि त्यांच्या घड्या घालायला मी बसे. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. अजूनही काही खटकलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो.

गाडीतून उतरले आणि थंडीनं कानशिलात दिली. नागपूरकरांना ऊन कळतं, ते समोरून येतं. ही थंडी खालून आली, बुटांच्या तळव्यांतून. दारात आई उभी होती. अंगावर दोन स्वेटर, दादाचं जाकीट, डोक्याला मफलर. चेहरा उतरलेला. मी मिठी मारली तर म्हणाली, "हळू बाई, सगळं गरगरतं."

आईचा सडा

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालेला दादा दारातच लॅपटॉपसकट जमिनीवर बसला. मुद्दाम नाही. आईनं पहाटे उठून, चाळीस वर्षांच्या सवयीनं, दारात पाण्याचा सडा घातला होता. त्याची काच झाली होती.

"आई! इथं सडा नाही घालायचा, कितीदा सांगितलं!"

"अरे, गरम पाणी घातलं होतं रे यावेळी."

शेजारचे ॲलन आजोबा ही सगळी मौज कुंपणापलीकडून पाहत होते. ते आत गेले आणि मिठाची पिशवी घेऊन आले. बर्फ विरावा म्हणून आईच्या दारात त्यांनी मूठ मूठ मीठ फेकलं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "पाह्य बाई, दृष्ट काढून राहिला." मग त्यांना तिनं संत्राबर्फी दिली, ती मी नागपूरहून आणलेली. आजोबांनी एक खाल्ली, दुसरी खिशात टाकली आणि मिठाची पिशवी आमच्याकडेच ठेवून दिली.

दादा आणि वहिनी कामाला गेले की मोठं घर रिकामं व्हायचं. रेडिएटर म्हणजे भिंतीला टेकवलेले गरम पाण्याचे पत्रे, पण खालच्या मजल्यावरचे नुसते कोमट. खरी ऊब पुढच्या खोलीत. तिथं जुन्या धुराड्याच्या जागी गॅसची शेगडी होती. चिनी मातीच्या जाळ्या आणि त्यांच्यामागे ज्योत. आईचा सगळा दिवस तिथं जायचा. "विस्तव डोळ्यांना दिसला पाहिजे, तेव्हा अंगाला ऊब लागते," ती म्हणायची. शेगडीच्या वरच्या भिंतीवर काळपट डाग धरायचा, तो ती रोज ओल्या फडक्यानं पुसायची.

एकच त्रास होता. त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, एक चौकोनी भोक होतं. त्यावर लोखंडी जाळी. त्यातून सुरीसारखा वारा आत यायचा, थेट ओवी खेळायची त्या सतरंजीवर. घर भाड्याचं. मालकाला भोक बुजवायलाही पैसे नको वाटले असणार, असं घरात सगळ्यांचं मत. मग आपण नागपूरकर काय करणार? मे महिन्यात आपलं घर सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घेतं आणि संध्याकाळपर्यंत झळ आत येऊ देत नाही. आईनं तेच केलं. जुन्या सुती लुगड्याचे थर घालून, बारीक धावदोऱ्यानं, त्या भोकाच्या मापाची एक उशी शिवली. दादानं ती आत बसवून वरून चिकटपट्टी लावली. वारा बंद. खोली अशी उबदार झाली की आईनं एक स्वेटर उतरवला.

मी उशी पाहिली आणि मला आईचं कौतुक वाटलं, मालकाचा संताप आला. त्याच दुपारी मी मालकाला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. भिंतीला भोक असलेलं घर भाड्यानं देणं हा भाडेकरूंचा अपमान आहे, असं पहिलंच वाक्य. रात्री जेवताना वाचून दाखवलं.

"कडक आहे," वहिनी म्हणाली.

"मुक्ता, आपल्याला इथं राहायचंय अजून," दादा म्हणाला.

"म्हणूनच लिहितेय."

पत्र पुरं करायचं राहिलं, कारण माझंही डोकं दुखायला लागलं. लांबचा प्रवास, झोपेची उलथापालथ, मी म्हटलं. आई दुपारी भिंतीला धरून चालायची. ओवी शेगडीसमोर तासन्‌तास झोपायची. "किती गुणाची पोट्टी," आई म्हणायची, "नागपुरात घर डोक्यावर घ्यायची. इथं थंडीनं शांत झाली."

बाहेर बर्फ पडला तो याच दिवसांत. आवाज न करता पडतो, हे मला ठाऊक नव्हतं. पावसाला किती बोलायची सवय आहे ते तेव्हा कळलं. मी लाल वाटेनं तळ्यापर्यंत चालत गेले. तळ्याच्या कडेचं पाणी गोठलेलं आणि त्यावर बदकं आपापल्या पायांकडे बघत उभी. त्या तासाभरात डोकं एकदम साफ झालं. मला वाटलं, मोकळ्या हवेत फिरल्यानं. ते खरंच होतं, पण मी त्याचा पुढचा विचार केला नाही. घरी येऊन पुन्हा शेगडीपाशी बसले.

आईचं आणि माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. आई गुपचूप ओवीचे कपडे मोठ्या मापाचे शिवून ठेवत होती.

वॉटफर्डचं हळदीकुंकू

त्या रविवारी वॉटफर्डला एका मराठी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वहिनीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं सगळ्या घराला बोलावलं होतं. मी म्हटलं, जायचं नाही. बाबा गेल्यावर शेजारच्या बायकांनी आईला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं होतं. ज्या घरांशी तीस वर्षं वाटी-पातेल्याची देवघेव, त्यांनी. बाबांनी स्वतः या चालीवर पत्रक छापलं होतं, त्याच्या घड्या मी घातल्या होत्या.

"परक्या देशात जाऊन पुन्हा तोच अपमान?" मी म्हटलं.

"मला माणसं पाहायची आहेत," आई म्हणाली. "कुंकू नाही लावलं तर नाही लावलं. तिळगूळ तर देतील?"

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. आम्ही सगळे गेलो. मी मात्र गाडीत भाषण तयार ठेवलं होतं.

ते घर त्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या सुमतीकाकूंचं. डॉक्टर. नवऱ्याबरोबर तरुणपणी अमरावतीहून आल्या, इथल्या हॉस्पिटलांत आयुष्य काढलं, आता निवृत्त. दारातच त्यांनी करंडा उघडला आणि पहिलं बोट आईच्या कपाळाकडे नेलं. आई मागे सरकली.

"मला नको हो. मी..."

"मलाही नवरा नाही," काकू म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं झाली. मग मी काय माझ्याच घरात स्वयंपाकघरात लपून बसू? या पुढे. आणि एवढ्या थंडीत कपाळ उघडं ठेवू नये, डॉक्टर म्हणून सांगते."

घरातल्या बायका हसल्या. आईही हसली. कुंकू लागलं. ॲलन आजोबांसारखा एक गोरा शेजारी सोफ्यावर बसला होता, त्यालाही काकूंनी टिळा लावला आणि लोकरीच्या मोज्यांचा जोड वाण म्हणून दिला. माझं भाषण तसंच राहिलं. इतका आनंद मला कुठल्याच न दिलेल्या भाषणाचा झालेला नाही. पुरुष बसून खात होते आणि बायका वाढत होत्या, त्यावर मी थोडं बोलून घेतलं, ते सोडा.

मसालेभात होता, मठ्ठा होता. आईनं दोनदा भात घेतला. ओवी खुर्च्यांखालून पळत होती आणि काकूंच्या शोकेसचं दार उघडत होती. वहिनी आईजवळ येऊन म्हणाली, "आई, तुम्हाला आज बरं वाटतंय का?"

"इथं डोकं नाही दुखत बाई. घरी गेलं की पुन्हा सुरू."

सुमतीकाकूंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"घरी गेलं की? आणि बाहेर पडलं की थांबतं?"

"हो. थंडी मानवत नाही म्हणतात सगळे."

"थंडी तर बाहेर असते. मग बाहेर दुखायला पाहिजे." त्या आईसमोर बसल्या. "घरात आणखी कुणाचं दुखतं?"

"माझं," मी म्हटलं.

"तुझ्या दादाचं?"

"नाही. तो दिवसभर ऑफिसात असतो."

"घरात गॅसची शेगडी आहे?"

"आहे, पुढच्या खोलीत," आई म्हणाली. "तीच तर आधार आहे."

"ज्योत कशी असते? निळी का पिवळी?"

"पिवळी. छान, समईसारखी." आई बोलून गेली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं. चाळीस वर्षं गॅसवर स्वयंपाक केलेली बाई. "पण पिवळी ज्योत तर भांडी काळी करते," ती सावकाश म्हणाली. "शेगडीवरची भिंत काळी होते. मी रोज पुसते."

"खोलीला हवा यायला जाळी असेल भिंतीत?"

दादानं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे.

"आम्ही ती बंद केली," शेवटी दादा म्हणाला.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी ओवीला मांडीवर घेतलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं, नखं पाहिली, तिला हसवलं आणि मगच बोलल्या. हवा पुरली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि एक विषारी वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि माणूस म्हणतो, थंडीनं होतंय. "दर हिवाळ्यात हॉस्पिटलात असं कुणीतरी यायचं," त्या म्हणाल्या. "काही जण उशिरा यायचे."

त्यांनी तिथूनच गॅसच्या तातडीच्या सेवेला फोन लावला. आम्हाला सांगितलं, घरी गेल्यावर आधी दारं-खिडक्या सताड उघडायच्या, शेगडीला हात लावायचा नाही, उद्या सगळ्यांनी डॉक्टरकडे जायचं. निघताना आईच्या हातात त्यांनी दोन जोड मोजे जास्त ठेवले. "आज रात्री लागतील," म्हणाल्या.

उघड्या खिडक्या

परतीच्या मोटरवेवर ओवी वहिनीशेजारी बालखुर्चीत झोपली, तर वहिनी दर दोन मिनिटांनी तिला हलवून जागं करत होती.

गॅसवाला आमच्या पाठोपाठच आला. शेगडीसमोर गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारली, मग भिंतीतली उशी काढली. दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिली. "शिवण फार सुबक आहे," तो म्हणाला. "पुन्हा कधीही शिवू नका." मग धुराड्यात हात घालून त्यानं काटक्यांचा ढीग ओढून काढला. पक्ष्याचं जुनं घरटं; आईचं दुखणं उशीच्याही आधीपासून का होतं ते तेव्हा कळलं. म्हणजे धूर जायची वाट वरून बुजलेली आणि हवा यायची वाट आम्ही खालून बुजवलेली. त्यानं शेगडीचा गॅस तोडला आणि तिला लाल पट्टी बांधली.

ॲलन आजोबा दोन विजेचे हीटर घेऊन आले. तरीही त्या संध्याकाळी आम्ही जे काही भोगलं त्याला थंडी हाच शब्द आहे. सगळ्या खिडक्या उघड्या, बाहेर बर्फ, आत आम्ही पाच जण एकाच सोफ्यावर, कोट, मफलर, गोधड्या, मोज्यांवर मोजे. चहा कपातून ओठापर्यंत येईतो निवत होता. दादाचे दात वाजत होते.

आई मध्येच म्हणाली, "माझं डोकं हलकं झालं."

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"खरंच. किती दिवसांनी." मग तिला हसू आलं. "आणि कूलरला मागची खिडकी उघडी लागते, हे नागपुरात पोट्ट्यासोट्ट्यांना कळते. हवा आली पाहिजे, गेली पाहिजे. आपल्याला इथं येऊन काहून विसर पडला?"

दादा तोंड फिरवून खिडकीकडे गेला. ती बंद करायला गेला असं वाटलं, पण तिथंच उभा राहिला. "मी तिला घरी पाठवून देत होतो," तो म्हणाला. "आणि शेगडी तशीच जळत राहिली असती. ओवी दिवसभर तिथंच."

"दादा, नाही पाठवलंस," मी म्हटलं. "चल, इकडे बस. तुझी जागा गार पडतेय."

सकाळी मला कशानं जाग आली? खाली काहीतरी फुटल्याच्या आवाजानं. धावत गेले तर ओवी स्वयंपाकघरात, पसरलेल्या पोह्यांच्या मधोमध, हातात बरणीचं झाकण, आणि आनंदानं किंचाळतेय. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "गुणाची पोट्टी गेली एकदाची," ती म्हणाली. "आपली ओवी आली." वहिनी जिन्यातच बसून रडली आणि रडता रडता हसली.

डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. सगळे ठीक. दादानं आईचं तिकीट रद्द केलं.

माझं पत्र मी नव्यानं लिहिलं. भोक बुजवा ही मागणी गेली. गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणं इथं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि आमच्या मालकानं ती केलेली नव्हती. चूक आमची होती तेवढी आम्ही मान्य केली, त्याची होती तेवढी त्याच्या पदरात घातली. यावेळी वाचून दाखवल्यावर दादा म्हणाला, "अजून कडक कर." मालकाचा माणूस आला, शेगडी काढून नेली, रेडिएटर नीट केले. आता खालचा मजला तापतो. आईला विस्तव दिसत नाही म्हणून ती संध्याकाळी समई लावते, खरीखुरी.

सुमतीकाकूंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं वाण ठरलं. तो वायू सुटला की ओरडणारा एक यंत्राचा डबा मिळतो, भिंतीला लावायचा. प्रत्येकीला एकेक. त्याच्याबरोबर द्यायला मराठीत चार ओळी लिहून देशील?"

चार ओळी! मी पूर्ण पत्रक लिहिलं. दोन बाजू. मथळा असा: भिंतीतली जाळी बुजवू नका. हळदीकुंकवात वाटण्यासाठी मी पत्रक लिहीन, असं कुणी मला वर्षापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर यायचा आईचा हट्ट होता, पण ओवी झोपेला आली होती. म्हणून निरोप घरातच घेतला. मी बॅग उचलली तर आई पुढच्या खोलीत भिंतीशी वाकलेली. जाळीसमोर हात धरून बसली होती, तळहात उघडा.

"काय करतेस गं?"

"पाहून राहिली. येते का ते." तिनं माझा हात ओढून तिथं धरला. बर्फावरून आलेला वारा बोटांना झोंबला. "येऊन राहिला," ती समाधानानं म्हणाली.

शेगडी गेली, आता त्या जाळीची गरजही नाही. आईला ते ठाऊक आहे. तरी रोज संध्याकाळी फोनवर मी तब्येत विचारत नाही. "वारा येतो का?" एवढंच विचारते. नागपुरात माझ्या मागे कूलर घरघरत असतो, मागची खिडकी उघडी असते. पलीकडून ओवीचा दंगा ऐकू येतो आणि त्यावरून आईचा आवाज, "येतो बाई, चांगला गार येतो."